ऑप्टो असूनही पोर्ट गेला: भोसरीतल्या एका मिलिंग मशीनचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान शेडमध्ये बेंचटॉप मिलिंग मशीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, करून घेतलेलं होतं. तिन्ही अक्षांवर ५ मिमी पिचचे बॉलस्क्रू, नेमा २३ स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरी), त्यांना चालवणारे ३६ व्होल्टचे डिजिटल ड्राइव्ह. स्पिंडलला दीड किलोवॅटचा, सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र). कंट्रोलसाठी जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि मदरबोर्डच्या पॅरलल पोर्टवरून २५ पिनांची (डीबी२५) केबल एका स्वस्त ब्रेकआउट बोर्डात, म्हणजे पोर्टच्या पिना मशीनच्या तारांना जोडणाऱ्या बोर्डात. बोर्डावर पीसी८१७ ऑप्टोंची सरळ रांग, प्रत्येक इनपुट-आउटपुटला एक. ऑप्टो म्हणजे आतल्या एलईडीचा उजेड ट्रान्झिस्टरवर पाडून, तार न जोडता, सिग्नल पलीकडे देणारा भाग. विकत घेताना हीच रांग बघून बोर्ड पसंत केलेला.

तक्रारी तीन होत्या. १२०० मिमी प्रति मिनिटापर्यंत मशीन व्यवस्थित चालायचं, त्यापुढे पावलं हरवायची. स्पिंडल सुरू करताना मधूनच लिमिट (अक्षाच्या टोकाचा स्विच) लागल्याचा एरर यायचा, स्विच तर मोकळा. आणि शेवटी पोर्टची १० नंबरची पिन कायमची एकाच पातळीवर अडकली, इमर्जन्सी स्टॉपचं इनपुट मेलं. शेडमधल्या सगळ्यांचा प्रश्न एकच: ऑप्टो आहेत ना बोर्डावर, मग पोर्ट जळला कसा?

आधी मीटर, मग स्कोप

पहिली चाचणी साध्या मल्टिमीटरने होते. पीसीचा मेन प्लग काढायचा, यूएसबी केबल काढायची, पॅनल बंद करायचं. मग डीबी२५ च्या १८ ते २५ यांपैकी कुठल्याही पिनपासून बोर्डाच्या मशीनकडच्या ० व्होल्ट टर्मिनलपर्यंत कंटिन्युइटी बघायची. बझर वाजता कामा नये. इथे वाजला. प्लग काढायचं विसरू नका, कारण पीसीची जमीन (ग्राउंड, म्हणजे त्याची ० व्होल्टची बाजू) चासीला आणि चासी अर्थिंगला जोडलेली असते. पॅनलचा ० व्होल्टही अर्थला बांधलेला असेल तर मीटर अर्थिंगमधून फिरून खोटी कंटिन्युइटी दाखवतो.

इथली कंटिन्युइटी खरी होती. बोर्डावर एक जंपर होता, दोन्ही बाजूंच्या जमिनी एकत्र करणारा. एकाच यूएसबी केबलवर सगळा बोर्ड चालावा म्हणून तो लावूनच दिलेला. लिमिट स्विचच्या तारांमधला ५ व्होल्टही पीसीच्याच यूएसबीचा. म्हणजे ऑप्टोच्या एलईडीला आणि ट्रान्झिस्टरला एकाच सप्लायचं पाणी. असा ऑप्टो आयसोलेटर राहत नाही, फक्त एक मंद ट्रान्झिस्टर उरतो. पीसी८१७ चा डेटाशीट ५००० व्होल्टचं आयसोलेशन सांगतो ते खरंच आहे, पण ते चार पायांच्या त्या डबीचं आहे. शेजारून तांब्याची तार गेली की ते शून्य.

पोर्ट कसा गेला ते पॅनल उघडल्यावर कळलं. २४ व्होल्ट सप्लायचा ० व्होल्ट सप्लायपाशीच अर्थला बांधलेला होता, ते योग्यच. पण तिथून टर्मिनल पट्टीवर जाणारी ० व्होल्टची तार स्क्रूखाली ढिली झाली होती. कूलंटच्या सोलेनॉइडचा आणि प्रॉक्सिमिटी सेन्सरचा करंट मग दुसरी वाट धरून परतत होता: जंपर, बोर्डाची जमीन, डीबी२५ केबलच्या बारीक तारा, पीसीची चासी, तिथून अर्थिंग, आणि पुन्हा सप्लाय. सोलेनॉइडवर उलटा डायोडही नव्हता. व्हॉल्व्ह बंद होताना कॉइलचा झटका थेट त्या केबलमध्ये जायचा. जंपर काढलेला असता तर ढिल्या तारेमुळे फक्त व्हॉल्व्ह चालला नसता आणि पाच मिनिटांत दोष सापडला असता.

स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावताना एक धोका सांगायला हवा, कारण तो भल्याभल्यांकडून राहून जातो. साध्या दोन चॅनलच्या स्कोपमध्ये दोन्ही प्रोबच्या जमिनी आतून एकच असतात आणि अर्थला जोडलेल्या असतात. एक क्लिप पीसीच्या जमिनीला, दुसरी मशीनच्या ० व्होल्टला लावली की आपल्याच हाताने आयसोलेशन मोडलं. दोन्ही बाजू एकत्र बघायच्याच असतील तर ३६ व्होल्ट आणि व्हीएफडी बंद ठेवून, फक्त पल्स सोडून बघाव्यात.

१२०० च्या पुढे काय होत होतं

गणित सोपं आहे. मोटर २०० पावलांची, ड्राइव्हवर प्रत्येक पावलाचे १० भाग (मायक्रोस्टेप), म्हणजे फेरीला २००० पल्स. ५ मिमी पिचवर मिलिमीटरला ४०० पल्स. २४०० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ४० मिमी, म्हणजे १६,००० पल्स. दोन पल्समधलं अंतर सरासरी ६२.५ मायक्रोसेकंद. लिनक्ससीएनसीचा बेस पिरियड (पल्स काढण्याचं सगळ्यात छोटं कालमाप) २५ मायक्रोसेकंद ठेवलेला होता, त्यामुळे पल्सची रुंदी २५ आणि मधली विश्रांती कधी २५, कधी ५० मायक्रोसेकंद.

आता ऑप्टोकडे बघू. पोर्टची पिन उघडी असताना ४.७ व्होल्ट दाखवत होती. ४७० ओहममधून एलईडी जोडला की ३.१ वर येत होती. एलईडीवर १.२ व्होल्ट गेले, म्हणजे करंट सुमारे ४ मिलिअँप. पलीकडे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर १० किलोओहमचा पुल-अप (सिग्नल वर खेचणारा रेझिस्टर), म्हणजे ट्रान्झिस्टरला वाहायचा होता जेमतेम अर्धा मिलिअँप. गरजेच्या कितीतरी पट जास्त चालना मिळाल्याने तो खोल सॅचुरेशनमध्ये (पूर्ण चालू, आत चार्ज साठलेला) जायचा. चालू व्हायला काही मायक्रोसेकंद, पण बंद व्हायला या बोर्डावर सुमारे ६०. डेटाशीटमधले ३-४ मायक्रोसेकंद १०० ओहमच्या लोडवरचे असतात. ते वाचून १० किलोओहमवर तोच वेग मिळेल असं धरणं, ही या विषयातली सगळ्यात सामान्य चूक.

१२०० मिमीला पल्समधलं अंतर १२५ मायक्रोसेकंद. त्यातली २५ ची पल्स ताणून ८५ ची होते आणि ४० ची विश्रांती उरते. ड्राइव्हला ती पुरते. २४०० ला विश्रांतीच ५० च्या आत असते, ट्रान्झिस्टर बंद व्हायच्या आत पुढची पल्स येते आणि ड्राइव्हला दोन पल्सची एक लांब पल्स दिसते. मोटर अडत नाही, आवाजही बदलत नाही. म्हणूनच शेडमध्ये आधी कपलिंगचे स्क्रू आवळून झाले होते.

पुल-अप १ किलोओहम केला तर वेग बराच सुधारतो. पण मग कलेक्टरमधून ५ मिलिअँप जायला हवेत, आणि ४ मिलिअँप एलईडी करंटवर त्यासाठी सीटीआर (कलेक्टर करंटचं एलईडी करंटशी प्रमाण) १२५ टक्क्यांच्या वर हवा. पीसी८१७ चा ए रँक ८० ते १६० टक्के, सी रँक २०० ते ४०० टक्के. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सुटे घेताना रँकचं अक्षर बघून घ्यावं लागतं. एकाच ट्यूबमध्येही मिसळ निघते. एमसीटी२ई किंवा ४एन३५ हा ऑप्टो असेल तर ६ नंबरच्या बेस पिनपासून ४ नंबरच्या एमिटरपर्यंत २२० किलोओहम लावून साठलेला चार्ज लवकर काढता येतो. पीसी८१७ ला बेस बाहेर काढलेलाच नाही, त्यामुळे तो मार्ग बंद.

अर्धवट दुरुस्ती, नवा दोष

मधल्या काळात शेडच्या इलेक्ट्रिशियनने तीन स्टेप लाइनवरचे पीसी८१७ काढून व्हेरोबोर्डावर ६एन१३७ हे वेगवान ऑप्टो बसवले होते. भाग उत्तम निवडला होता: १० मेगाबॉडचा, विलंब १०० नॅनोसेकंदांच्या आत. जोडणीही नीट होती. २ नंबर अॅनोड, ३ कॅथोड, ८ ला ५ व्होल्ट, ५ ला जमीन, ६ वरून आउटपुट आणि त्याला पुल-अप, ७ नंबर ८ ला बांधलेला. ८ आणि ५ यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर मात्र दूर, तारेने जोडलेला होता. तो पायाला चिकटूनच हवा, नाहीतर आउटपुट मधूनच थरथरतो.

पावलं हरवायची थांबली. पण पॉकेट (जॉबमधला खड्डा) मारताना जॉब हळूहळू एकाच दिशेला सरकू लागला. कारण डिरेक्शनच्या लाइन अजून जुन्या पीसी८१७ वर होत्या. दिशा बदलल्याची खबर ड्राइव्हला ६० मायक्रोसेकंद उशिरा मिळायची, आणि स्टेपची पल्स आता वेळेवर पोचायची. त्यामुळे उलट फिरण्याचं पहिलं पाऊल कधीकधी जुन्याच दिशेला पडायचं. ही चूक एका पावलाची नसते. जायचं होतं मागे, गेलं पुढे, म्हणजे फरक दोन पावलांचा, ०.००५ मिमी. आणि पीसी८१७ चालू पटकन होतो, बंद हळू होतो, त्यामुळे हे फक्त एकाच बाजूच्या वळणावर घडतं, दुसऱ्या बाजूने भरून निघत नाही. अशी शंभर वळणं चुकली की अर्धा मिलिमीटर. बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई) समजून नट घट्ट करत बसलं तर हा दोष जन्मात सापडणार नाही. बॅकलॅशचं अंतर ठरावीक राहतं, हे वाढत जातं.

सॉफ्टवेअरमध्ये डिरसेटअप आणि डिरहोल्ड (दिशा बदलणं आणि पल्स यांच्यात राखायचा वेळ) १,००,००० नॅनोसेकंद केले तर दोष झाकला जातो. दोन्ही आकडे नॅनोसेकंदांत असतात आणि बेस पिरियडच्या पटीत वर सरकवले जातात. तपासणीसाठी हा उपाय उत्तम: आकडा वाढवला आणि सरकणं थांबलं, तर दोष डिरेक्शनच्या ऑप्टोतच.

शेवटी केलेली रचना

ड्राइव्हच्या पल्स, डिरेक्शन आणि एनेबल इनपुटच्या आत वेगवान ऑप्टो आधीच आहेत. प्लस-मायनस अशा वेगळ्या जोड्या टर्मिनलवर दिसतात, तीच खूण. मग बोर्डावर त्याच वाटेत दुसरा ऑप्टो कशाला? स्टेप-डिरेक्शनच्या सहाही लाइनवरचे ऑप्टो, ६एन१३७ सकट, काढून टाकले. ड्राइव्हमध्ये ऑप्टो नसलेले उघडे स्टेपर बोर्ड असते, तर सहाही लाइनवर ६एन१३७ च ठेवले असते. एकाच अक्षाच्या दोन लाइनवर दोन जातींचे ऑप्टो ठेवायचे नाहीत, एवढं पाळायचं.

पोर्ट आणि ड्राइव्ह यांच्यात एक ७४एलएस२४४ बफर (सिग्नलला ताकद देणारी आयसी) बसवला. कारण दोन. जुन्या पद्धतीच्या पोर्टच्या डेटा पिना २४ मिलिअँप आत ओढू शकतात पण बाहेर जेमतेम २.६ पुरवतात, त्यामुळे पिनने थेट एलईडी पेटवणं मुळातच कमकुवत. दुसरं, मदरबोर्डचा पोर्ट मेल्यामुळे आता पीसीआय कार्ड लावलं होतं आणि त्याची वरची पातळी ३.३ व्होल्टच होती. ५ व्होल्टवरच्या ७४एचसी२४४ ला "वर" समजायला ३.५ व्होल्ट लागतात. ३.३ वर तो कधी ऐकतो, कधी नाही, आणि शेड तापलं की वागणं बदलतं. एलएस किंवा एचसीटी मालिकेला २ व्होल्ट पुरतात. त्यातही एलएस २४ मिलिअँप ओढतो, म्हणून तो निवडला.

जोडणी अशी: ड्राइव्हच्या तिन्ही पल्स-प्लस आणि डिर-प्लस पीसीच्या बाजूच्या ५ व्होल्टला, मायनस टर्मिनल २४४ च्या आउटपुटना. आउटपुट खाली गेलं की ड्राइव्हचा एलईडी पेटतो. ड्राइव्हच्या आत मालिकेतला रेझिस्टर असतोच, बाहेर वेगळा लावायचा नाही. पीसीचा ५ व्होल्ट पॅनलमध्ये ड्राइव्हच्या टर्मिनलपर्यंत येतो आणि तिथेच संपतो, ३६ व्होल्टच्या जमिनीशी त्याचा संबंध येत नाही. तारा जोडीजोडीने पिळलेल्या, दीड मीटरच्या आत. पल्सची सक्रिय पातळी उलटी झाल्याने लिनक्ससीएनसीत स्टेपच्या पिना इन्व्हर्ट केल्या. हे राहिलं तर दिशा बदलताना पुन्हा एक पाऊल इकडेतिकडे होतं.

पिनांची वाटणी: २-३ एक्स, ४-५ वाय, ६-७ झेड, ८ स्पिंडल, ९ कूलंट, १७ चार्ज पंप. इनपुट १० इमर्जन्सी, १२, १३, १५ अक्षांची लिमिट, ११ प्रोब (जॉबला टेकल्याचं कळवणारा सेन्सर). ११, १, १४ आणि १७ या पिना हार्डवेअरमध्येच उलट्या असतात. लिनक्ससीएनसीचा ड्रायव्हर ते स्वतः सांभाळतो. स्वतःचा सी प्रोग्राम लिहून थेट रजिस्टर वाचणाऱ्याने स्टेटस हेक्स ८० शी आणि कंट्रोल हेक्स ०बी शी एक्सऑर करावं. कार्डाचा पत्ता हेक्स ३७८ नसतो, तो सिस्टिममधून शोधून कॉन्फिगरेशनमध्ये घालावा लागतो. यूएसबी-टू-पॅरलल केबल या कामाला चालत नाही, ती फक्त प्रिंटरशी बोलते.

चार्ज पंपाची, म्हणजे पीसीचा सिग्नल चालू असेपर्यंतच आउटपुट जोडून ठेवणाऱ्या सर्किटची, गरज पीसी सुरू होताना कळते. बूट होताना पोर्टच्या पिना मनमानी वरखाली होतात, आणि स्पिंडल क्षणभर फिरू शकतो. १७ नंबरवर २० किलोहर्ट्झचा चौरस सिग्नल सोडला, तो ७४एचसीटी१४ या इन्व्हर्टर आयसीच्या एका गेटमधून, मग १०० नॅनोफॅरड मालिकेत, दोन १एन४१४८ डायोड, आणि १ मायक्रोफॅरडला समांतर १०० किलोओहम. तिथला व्होल्टेज दुसऱ्या गेटमधून उलटा करून २४४ च्या १ आणि १९ या एनेबल पिनांना दिला. सिग्नल थांबला की दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास सगळे आउटपुट सुटतात. इमर्जन्सी स्टॉपचं बटण मात्र यावर सोडलेलं नाही. त्याचा एक कॉन्टॅक्ट थेट कॉन्टॅक्टर पाडतो, दुसरा फक्त पीसीला कळवतो.

जिथे पीसी८१७ च हवा

लिमिट स्विचसाठी पीसी८१७ उत्तम, फक्त त्याला नीट पोसायला हवं. जुन्या बोर्डावर ५ व्होल्टचं लूप होतं, करंट ३.८ मिलिअँप. तारा साध्या, आणि व्हीएफडीच्या मोटर केबलसोबत एकाच ड्रॅग चेनमध्ये. साडेतीन-चार व्होल्टचा उलटा झटका बसला की एलईडी क्षणभर विझायचा आणि लिमिट लागल्यासारखं दिसायचं. शिवाय मायक्रोस्विचच्या कॉन्टॅक्टवर कूलंटची वाफ बसते. ५ व्होल्टचा किरकोळ करंट तो थर फोडू शकत नाही.

नवीन लूप पॅनलच्या २४ व्होल्टवर. प्रत्येक अक्षाचे दोन्ही स्विच नॉर्मली क्लोज, मालिकेत, पुढे २.२ किलोओहम आणि एलईडी. करंट १०.४ मिलिअँप. रेझिस्टरवर ०.२४ वॅट जातात, म्हणून तो अर्ध्या वॅटचा हवा. पाव वॅटचा बसवला तर बोट लावल्यावर चटका बसतो आणि वर्षभरात बोर्ड काळा पडतो. एलईडीला उलटा १एन४१४८ समांतर, कारण एलईडी उलट दिशेने ६ व्होल्टच सोसतो. शिवाय १ किलोओहमही समांतर, म्हणजे सेन्सरच्या गळतीवर एलईडी पेटत नाही. झेडचा एनपीएन प्रॉक्सिमिटी सेन्सर नॉर्मली क्लोज प्रकारचा: तपकिरी तार २४ ला, निळी ० व्होल्टला, काळी एलईडीच्या कॅथोडला. पीसीच्या बाजूला कलेक्टर पोर्टच्या पिनला, ४.७ किलोओहमने ५ व्होल्टला, १०० नॅनोफॅरड जमिनीला, एमिटर १८ ते २५ पैकी जमिनीला. ट्रान्झिस्टरला १ मिलिअँप वाहायचा आहे आणि कमीत कमी सीटीआर धरला तरी ४-५ मिलिअँपची ताकद आहे, त्यामुळे एलईडी म्हातारा झाला तरी फरक पडणार नाही.

लिमिटच्या तारा शिल्डेड केल्या, शिल्ड पॅनलच्या टोकालाच अर्थ केलं. मोटर केबल वेगळ्या चेनमधून, मध्ये वीतभर अंतर. सॉफ्टवेअरमध्ये ५ मिलिसेकंदांचा डिबाउन्स (सिग्नलच्या छोट्या उड्या गाळणं). व्हीएफडीला चालू-बंद करायला रिले काढून पीसी८१७ चा कलेक्टर-एमिटर थेट व्हीएफडीच्या फॉरवर्ड आणि कॉमन टर्मिनलवर लावला. सिंक लॉजिक (टर्मिनल कॉमनला जोडलं की चालू) असल्याने कलेक्टर फॉरवर्डला. त्याच्या एलईडीसाठी २४४ कडून ३३० ओहम. कूलंटचा सोलेनॉइड ऑप्टोमागच्या रिलेवर, कॉइलवर १एन४००७.

जोडणी झाल्यावर पहिली चाचणी पुन्हा मीटरची, पीसीचा प्लग काढून. मग डायल ०.०१ मिमीचा लावून २४०० वर १०० मिमीची ये-जा शंभर वेळा, आणि त्यानंतर ५ मिमीच्या छोट्या हालचाली, म्हणजे वळणं भरपूर. पहिली चाचणी हरवलेली पावलं दाखवते, दुसरी डिरेक्शनचा उशीर. दोन्हींत काटा एका रेघेच्या आत परत आला. मग स्पिंडल वारंवार चालू-बंद करत लिमिटचे सिग्नल लिनक्ससीएनसीतल्या हॅलस्कोपवर बघितले, एकही उडी नाही.

११ नंबरच्या प्रोबवरही ६एन१३७ बसवावा असा आग्रह शेडमधून झाला होता. गरज नव्हती. १०० मिमी प्रति मिनिटाने प्रोब करताना ६० मायक्रोसेकंदांत टेबल ०.०००१ मिमी सरकतं. लिनक्ससीएनसी प्रोब १ मिलिसेकंदाच्या सर्व्हो थ्रेडवर वाचतो, त्यातच ०.००१७ मिमी जातात. तिथलं १०० नॅनोफॅरड तेवढं काढलं, आणि डिबाउन्सच्या यादीतून ती पिन वगळली. ५ मिलिसेकंदांचा डिबाउन्स राहिला असता तर प्रत्येक मोजमाप ०.००८ मिमीने पुढे पडलं असतं.